शुभांगीचं लग्न नेमकं कधी झालं

नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलला पोलीस नसला तरी ती थांबते. मागून हॉर्न वाजतात, रिक्षावाले काहीबाही बोलतात. ती हिरवा दिवा लागेपर्यंत हलत नाही.

केळी घेतली तर पैसे देऊन झाल्याशिवाय एकही सोलत नाही.

एसटीचं तिकीट उतरेपर्यंत मुठीत धरते.

कळवण तालुक्यातल्या तिच्या शाळेत दोनच शिक्षक आहेत. मस्टरवर उद्याची सही आज करून टाकली तरी विचारणारं कुणी नाही. ती करत नाही.

मी दिलेल्या कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचत नाही. मी नेहमी वाचते. शेवट कळला की मला धीर येतो.

लग्नात लोक मंगलाष्टकं चालू असतानाच अक्षता उधळतात. निम्म्या पुढच्या माणसाच्या टोपीवर पडतात. ती शेवटचं ‘सावधान’ ऐकल्याशिवाय मूठ उघडत नाही. तोवर तांदूळ घामाने हाताला चिकटलेले असतात.

ही शुभांगी. शुभांगी कोंडाजी काकड, वय अठ्ठावीस, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीची बाई. आठवडाभर कळवणला खोली घेऊन राहते. शनिवारी दुपारच्या गाडीने नाशिकला येते. मखमलाबादच्या बाजूला तिच्या वडिलांची दोन एकर जमीन आहे. त्यात गुलाब आणि झेंडू. कोंडाजीकाका फुलं पिकवतात, आई सरुबाई सकाळी ती बाजारात नेऊन विकते. घर मळ्यातच आहे.

आमची ओळख अभ्यासिकेत झाली. ती शिक्षक भरतीची तयारी करत होती. मी मराठी घेऊन बी.ए. करत होते. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला शुभाताई म्हणते. बाकी मान काही देत नाही.

अभ्यासिकेच्या गच्चीवर आम्ही मुली डबा खायचो. तिथे सगळे विषय निघायचे. हाही निघाला. लग्नाआधी की लग्नानंतर. कुणी लाजलं, कुणी विषय बदलला. शुभांगी म्हणाली, “मी लग्नानंतर.” मी चहात साखर घेत नाही, हे सांगावं तसं.

मनाली आमच्यातली सगळ्यात फटकळ. ती म्हणाली, “शुभाताई, एक्सपायरी डेट बघून ठेव हं.”

“बघते,” शुभांगी म्हणाली. “झाकणावर असेल.”

सगळ्या हसलो. त्या दिवसापासून मनाली तिला ‘पॅकबंद मॅडम’ म्हणायला लागली. शुभांगी त्या नावालाही ओ द्यायची.

एकदा मी तिला नीट विचारलं. देवाधर्माचं काही आहे का? नाही, म्हणाली. आईची भीती? थोडी आहे म्हणाली, पण ते कारण नाही. मग बराच वेळ डब्याचं झाकण बोटाने फिरवत बसली.

“कुठल्या गावात नोकरी करायची ते सरकार ठरवणार. फुलं कधी तोडायची ते बाजार ठरवतो. नवरासुद्धा घरातली चार माणसं बघणार. ही एक वेळ तरी माझी मी ठरवलेली असू दे ना.”

मी साहित्याची विद्यार्थिनी. वाट पाहणाऱ्या बायका मी पुस्तकांत ढिगाने वाचल्या होत्या. त्या सगळ्या खिडकीत उभ्या असायच्या आणि दुःखी असायच्या. ही समोर बसून शेंगदाण्याची चटणी खात होती. तिचं काय करावं मला कळेना.

माझं उलट होतं. तिसऱ्या वर्षाला माझ्या आयुष्यात जीवन नावाचा मुलगा होता. आम्ही थांबलो नाही. मला त्याचा पस्तावा नव्हता, आजही नाही. तरी शुभांगीला सांगताना माझा आवाज बारीक झाला. आम्ही तिच्या मळ्यात बसलो होतो. ती गुलाबाच्या देठांचे काटे काढत होती. तिने मान वर केली नाही.

“घाबरली होतीस?” तिने विचारलं.

“थोडी.”

“मग नंतर जेवलात का काही?”

मी म्हटलं, हो, पावभाजी.

“बरं केलंत,” ती म्हणाली आणि पुढचं फूल घेतलं.

जीवन पुढे पुण्याला गेला. आधी फोन कमी झाले, मग बंद झाले. त्या महिन्यात शुभांगी चार शनिवार सरळ बसस्टँडवरून माझ्या घरी आली. पिशवी खांद्याला तशीच. थांबली असतीस तर, हे वाक्य ती एकदाही बोलली नाही. तिचा नियम तिच्यापुरता होता. दुसऱ्याच्या अंगाला तो लावून बघायची तिला सवय नाही.

ज्ञानेशच्या बाबतीतही तेच. ज्ञानेश गायकर येवल्याजवळच्या एका शाळेत शिक्षक आहे. दोन वर्षांपूर्वी शिक्षकांच्या प्रशिक्षणात दोघं भेटले. नंतर घरच्यांनी घरच्यांना पाहिलं, जमलं. एकदा नाशिकला येणाऱ्या गाडीत त्याने तिला सांगितलं की डी.एड.ला असताना एक मुलगी होती, आणि आम्ही नुसते हात धरून बसलो नव्हतो. शुभांगी निफाडपासून द्वारकेपर्यंत गप्प बसली. त्याला वाटलं, मोडलं. उतरताना ती म्हणाली, “ते तुझं. माझं मी ठरवलंय तसंच राहील.” त्याने मान हलवली. त्याचं म्हणणं, त्या दिवशी त्याने इतक्या जोरात मान हलवली की कंडक्टर हसला.

गेल्या दिवाळीत साखरपुडा झाला. लग्न वैशाखातलं ठरलं. कळवण जिल्ह्याच्या एका टोकाला, येवला दुसऱ्या. दोघांना जवळच्या शाळा मिळायच्या तर बदलीच्या अर्जात ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा रकाना भरावा लागतो. त्याला विवाहाचा दाखला लागतो. अर्जाची मुदत फेब्रुवारीत संपणार होती. म्हणून दोघांनी नोंदणी कार्यालयात नोटीस दिली आणि जानेवारीच्या शेवटी आधी नोंदणी विवाह करून टाकायचं ठरवलं.

घरात या गोष्टीला ‘सहीचं काम’ म्हणत. काकू, म्हणजे सरुबाई, त्या दिवशी बाजारातच गेल्या. सही तर करायची, त्याला मी कशाला, असं त्यांचं म्हणणं. शिवाय येताना मेथीच्या दोन जुड्या आणायला सांगितल्या.

साक्षीदार तीन लागतात. कोंडाजीकाका, ज्ञानेशचा मोठा भाऊ संतोष आणि मी. शुभांगी साध्या निळ्या पंजाबी ड्रेसमध्ये होती. बाकीच्या जोड्या हार घेऊन आल्या होत्या. फुलांच्या मळ्यातली मुलगी एक फूलही न घेता आली होती. वैशाखात हार घालायचेच आहेत, असं घरी ठरलं होतं.

तिथे एक वाक्य मोठ्याने म्हणायचं असतं. मी अमुक, तमुक यांना माझे कायदेशीर पती म्हणून स्वीकारते. ज्ञानेशने त्याचं वाक्य घाईत म्हटलं, मधेच खोकला. शुभांगीने कागद आधी हातात मागून घेतला. मनात एकदा वाचला. मग वर्गात धडा वाचावा तसा सावकाश, स्पष्ट म्हटला. सह्या झाल्या. मी माझी सही करताना पेन चालत नव्हतं म्हणून दोनदा झटकलं.

शुभांगीने नोंदणीच्या साहेबांना विचारलं, “सर, झालं ना?”

“झालं.”

“म्हणजे पूर्ण झालं?”

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “मॅडम, अर्धं लग्न आमच्याकडे होत नाही. पुढचे या.”

आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही.

बाहेर येऊन मिसळ खाल्ली, मेथी घेतली. ज्ञानेश येवल्याच्या गाडीत बसला, ती कळवणच्या. बदलीचे अर्ज भरले गेले. सरकारदरबारी दोघं नवरा-बायको झाले. मळ्यात मात्र काकूंनी फर्मान काढलं, की हळद लागेपर्यंत जावयाने दारात यायचं नाही. खरं लग्न वैशाखात. लोकांच्या तोंडाला काय, उगाच निमित्त नको.

ज्ञानेशला घाई नव्हती. दोन वर्षं थांबलो, अजून तीन महिने थांबेन, असं तो म्हणत होता. एवढंच वाईट वाटायचं, की तिच्यासाठी काही आणलं तर कुरिअरवाल्यासारखं फाटकाबाहेर उभं राहून द्यावं लागतं. मनालीला हे कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. स्वतःच्या नवऱ्याला भेटायला बंदी असलेली बायको तिने पहिल्यांदाच पाहिली होती.

फेब्रुवारीत शुभांगीचा कळवणहून फोन आला.

“चैते, मी तिथे खोटं बोलले का गं?”

“कुठे?”

“त्या साहेबांसमोर. मोठ्याने म्हटलं ना मी ते सगळं.”

“खोटं कशाला? खरंच होतं की.”

“मग खरं असेल तर माझं लग्न झालंय.”

मला त्या दिवशीची मिसळ आठवत होती, वाक्य आठवत नव्हतं. ती त्या वाक्याशी तीन आठवडे एकटी राहत होती.

मी तिला व्यवहारी सल्ला दिला. त्र्यंबक रोडला चांगली हॉटेलं आहेत. दाखला आहे, आधार कार्ड आहे, कुणी अडवणार नाही. आईला सांगायची गरज नाही. वैशाखात हळद लावून घे. सगळ्यांचं मन राहील.

ती म्हणाली, “लपून गेले तर ते लग्नाआधीचं झालं. सांगून गेले तर लग्नानंतरचं.”

हे मला आजही पुरतं पेललेलं नाही. मी पाच वर्षं साहित्य शिकले. लग्न म्हणजे काय यावर मी दोन निबंध लिहिलेत, एकाला बक्षीस आहे. मला असं वाक्य सुचलं नव्हतं.

पण सांगून जायचं म्हणजे आईला सांगायचं. आणि काकूंना सांगणं सोपं नव्हतं. शुभांगीने आजवर त्यांचा शब्द मोडला नव्हता. मोडला तर त्या ओरडणार नाहीत, बोलणं टाकतील, हे तिला माहीत होतं. शुभांगीच्या मोठ्या बहिणीने त्यांच्या मनाविरुद्ध शिक्षण सोडलं तेव्हा त्या तिच्याशी वर्षभर बोलल्या नव्हत्या. तेच होईल आणि मग हळद कोण लावणार, ही तिची भीती होती. तिला हळद हवी होती. तिला आईच्या हातची हळद हवी होती, आणि नवऱ्याकडे जायचंही होतं. दोन्ही. एक सोडून दुसरं नाही.

मार्चमधल्या एका रविवारी मी मळ्यात होते. दुपारचे बारा वाजले असतील. काकू ओट्यावर हार ओवत होत्या. कोंडाजीकाका पलीकडे गुलाबाच्या जुड्या बांधत होते. शुभांगीने आजूबाजूच्या घरांतून जुन्या लग्नपत्रिका गोळा करून आणल्या होत्या. त्यांची मागची बाजू कोरी असते. ती चौकोनी तुकडे कापून त्यावर स्केचपेनने मोठे अंक लिहीत होती. पहिलीच्या पोरांसाठी, एक ते शंभर. मी कात्रीवर होते.

लिहिता लिहिता ती थांबली.

“आई, मी आज ज्ञानेशकडे चाललेय. येवल्याला. उद्या तिथूनच कळवणला जाईन.”

काकूंची सुई फुलात राहिली. “कशाला?”

“राहायला.”

काका जुडी बांधायचे थांबले.

“वैशाखात लगीन हाय तुझं,” काकू म्हणाल्या.

“झालंय आई. जानेवारीत झालंय. मी सगळ्यांसमोर म्हटलंय. चैताली साक्षीला होती.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. “होतीस का गं तू?”

“होते काकू.”

“मग तवा का नाय बोलली, का ते खरंखुरं लगीन हाय म्हणून? मी बाजारात बसले व्हते झेंडू घेऊन.”

मलाही तेव्हा ते खरंखुरं वाटलं नव्हतं. सगळ्यांत फक्त एकीला वाटलं होतं.

काकूंनी दोन-तीन फुलं ओवली. मला वाटलं, आता त्या लोकांविषयी बोलतील, घराण्याविषयी बोलतील. त्या भलतंच बोलल्या. त्यांच्या वेळी लग्न लागलं तरी जागरण-गोंधळ होईपर्यंत नवरा-बायकोने एका खोलीत जायचं नव्हतं. त्यांच्या लग्नात गोंधळी दुसऱ्या गावाला अडकले. चौदा दिवस आले नाहीत. सासूजवळ झोपायचं, दिवसा कामं करायची. विहिरीवर धुणं धुवायला गेलं की काका काहीतरी निमित्त काढून यायचे आणि मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी बसून बोलायचे. शाळेत कितवीपर्यंत होतीस, पोहता येतं का, आंबट आवडतं का.

“चौदा दिस बोलला हा माणूस,” काकू म्हणाल्या. “लय बोलला. मंग गोंधळ झाला आन संसार लागला. तेवढं परत नाय बोलला कधी. म्हणून म्हणते, थांबावं. थांबल्यावर माणूस बोलतो.”

“आता काय मुका हाय का मी?” काका पलीकडून म्हणाले.

“कामाचं बोलता.”

काका पुन्हा जुडी बांधायला लागले. पण सुतळी तीच तीच गुंडाळत होते.

शुभांगीचे डोळे भरले होते. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आई लोकांसाठी थांबायला सांगते. ती सरकत सरकत आईच्या गुडघ्याशी आली.

“आई, आम्ही दोन वर्षं बोलतोय. अजून संपलं नाही.”

“संपंल.”

“संपलं तर तुला सांगेन.”

“आन मंग हळद कशापायी लावायची वैशाखात?”

“मला हवीय म्हणून. तूच लाव. पण तोवर मी कुणाची कोण, हे लपवून बसणार नाही. तू नको म्हणालीस तर आज नाही जाणार. पण मग लग्न झालं नाही असं तू साहेबांना सांगून ये.”

काकूंनी सुई हारातच खोचली, उठल्या, हौदावर जाऊन हात धुतले, पदराला पुसले. मग माझा मोबाइल मागितला आणि ज्ञानेशच्या आईला, नवसाबाईंना, फोन लावायला सांगितला. त्या निफाडजवळ गावी असतात. काकू फोनमध्ये नेहमी ओरडूनच बोलतात.

“इहीणबाई, पोरगी येवल्याला येती तुमच्या लेकाकडं. आजच. पळून नाय येत बरं का. आम्ही धाडतोय.”

पलीकडून नवसाबाई काहीतरी बोलल्या. काकूंनी फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे वळल्या.

“खोलीला पडदे नाय म्हणती.”

काकूंनी हात काढला. “चादरी देते मी संगती. पितळी टाचण्या हायेत का इचारा त्याला.”

मी आजवर जे काही वाचलंय, त्यात हे कुठेच नव्हतं. भांडण नव्हतं, रडारड नव्हती, आशीर्वादही नव्हता. दोन विहिणी पडद्यांवर बोलत होत्या. मी हातात कात्री धरून बसले होते.

मग सगळी घाई झाली. काकूंनी लोखंडी कपाटातून दोन चादरी काढल्या, एक निळी, एक फुलांची. भाकरी आणि पिठलं बांधून दिलं. शुभांगीने साडी नेसावी का यावर पाच मिनिटं गेली. शेवटी ड्रेसवरच निघाली. दारात काकूंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ज्ञानेशला निरोप दिला, की घरमालकाला ओळख करून देताना बायको म्हण, दुसरं काय म्हणू नको. काकांनी स्कूटर काढली. येवल्याची अडीचची गाडी द्वारकेला मिळते. फाटकाबाहेर वळेपर्यंत चादरींची पिशवी दिसत होती.

काकू परत ओट्यावर येऊन बसल्या. हार पुढे ओवायला लागल्या. “गाडी वेळंवर असती का गं ती?” एवढंच त्यांनी विचारलं.

त्याला आज आठ दिवस झाले. आजूबाजूला कळलंय, कारण काकूंनी स्वतःच सांगितलं. शेजारच्या शकुबाई म्हणाल्या, मग आता मांडव कशाला घालता? काकू म्हणाल्या, “जेवायला. तू येऊ नको.” शकुबाई येणारच आहेत. नातेवाइकांपैकी एक-दोघे रुसलेत. काकांचे एक चुलते म्हणाले, असं आमच्यात होत नाही. काका म्हणाले, झालं. बदलीची यादी अजून लागलेली नाही.

शुभांगीशी सोमवारी फोनवर बोलणं झालं. मी काही विचारलं नाही. ती म्हणाली की घरमालक पैठणीचे कारागीर आहेत, सकाळी सहाला माग सुरू होतो, खालून सारखा खटखट आवाज येतो, आणि ज्ञानेशला त्याच्याशिवाय जाग येत नाही. मग म्हणाली, शाळेची घंटा झाली, ठेवते. हे सगळं लिहू का, असं मी तिला काल मेसेजवर विचारलं. ‘लिही, नाव बदलू नकोस’, असं उत्तर आलं.

या शनिवारी ती नाशिकला आली नाही. कळवणहून सरळ येवल्याला गेली. मी सवयीने मळ्यात गेले होते. काका विहिरीच्या थारोळ्यावर बसले होते आणि काकू जवळच कपडे पिळत होत्या. कुणीतरी आंबट आवडतं का, असं विचारलं असेल किंवा नसेल. मी लांब होते.

पत्रिकांचे तुकडे ओट्यावर तसेच आहेत, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर वीट ठेवलेली. मी मोजून पाहिले. त्रेसष्टपर्यंतचे अंक झालेत. त्यापुढच्या तुकड्यावर तिने सहा काढलाय. चार राहिलाय.